अंगात त्राण नाही: आधी रक्ताचा रिपोर्ट, मग गोळी

प्रश्न थोडक्यात असा: वय ४१. सोलापुरात युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर काम. घरी पूर्ण शाकाहार. सहा महिन्यांपासून दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, जिना चढताना दम लागतो, केस गळतात. पाळीत अंगावरून जास्त जातं. मेडिकलमधून मल्टिव्हिटॅमिन आणून महिनाभर घेतलं, फरक नाही. शेजारच्या काकू म्हणतात, बी-१२ची पाच इंजेक्शनं घेऊन टाक. नणंद म्हणते, सलाईन लावून ये. नेमकं काय घ्यावं?

उत्तर:

ताई, इंजेक्शन घ्यायचंच ठरवलं असेल तर दोन दिवस थांबा आणि त्याआधी रक्त देऊन या. बी-१२चं इंजेक्शन टोचलं की रक्तातली पातळी एवढी वर जाते की पुढचे कित्येक आठवडे रिपोर्ट पाहून काही कळत नाही. मुळात कमी होतं का, किती कमी होतं, हा पुरावाच पुसला जातो. मग बरं वाटलं तर कशानं वाटलं ते सांगता येत नाही, आणि नाही वाटलं तर पुढं काय करायचं तेही ठरवता येत नाही.

तुम्ही लिहिलंय त्यात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती अंगावरून जास्त जाणं आणि जिन्यावर दम लागणं ही जोडी. या वयात या जोडीवरून पहिला संशय लोहाच्या कमतरतेचा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, म्हणजे तुमचं काही जगावेगळं चाललेलं नाही. शाकाहारामुळे दुसरा संशय बी-१२चा. दोन्ही एकाच वेळी असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे आणि तिथंच रिपोर्ट फसवतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी त्या मल्टिव्हिटॅमिनचं बघू. स्ट्रिप उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बी-१२ बहुतेक एक-दोन मायक्रोग्रॅम लिहिलेलं असेल, लोह असेल तर दहा-पंधरा मिलिग्रॅम, आणि त्याच गोळीत कॅल्शियम आणि झिंकही. धडधाकट माणसाची रोजची गरज भागवायला हे प्रमाण ठीक आहे. पण रिकामा झालेला साठा भरायला बी-१२ हजार मायक्रोग्रॅमच्या घरात लागतं आणि लोह साठ-शंभर मिलिग्रॅम. शिवाय कॅल्शियम शेजारी असलं की लोह नीट शोषलं जात नाही. घागर रिकामी असताना वाटीनं पाणी ओतावं, तसा हा प्रकार. महिन्याभरात फरक पडला नाही यात नवल नाही, आणि ‘मला गोळ्या लागूच होत नाहीत’ असा अर्थही त्यातून काढू नका.

तपासण्या मोजक्याच करा: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी (पेरिफेरल स्मिअरसह, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), उपाशीपोटी साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एसजीपीटी (यकृत) आणि साधी लघवी. पाळी लांबली असेल तर गरोदरपणाची तपासणीही. ४१व्या वर्षी ती शक्यता संपलेली नसते. ‘फुल बॉडी पॅकेज’मधल्या सत्तर-ऐंशी तपासण्यांची गरज नाही. एवढ्या आकड्यांत एखाद-दुसरा विनाकारण लाल अक्षरांत येतोच आणि माणूस त्याच्याच मागे लागतो. खासगी लॅब परवडत नसेल तर सिव्हिलच्या ओपीडीत किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवून सुरुवात करा.

रक्त देण्याआधी एक काळजी. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी चालू असेल तर ती तीन दिवस आधी बंद करा. केसांच्या गोळ्यांत पाच-दहा मिलिग्रॅम बायोटिन असतं आणि त्यानं थायरॉइडचे आकडे चुकतात. बऱ्याच यंत्रांवर टीएसएच खोटंच कमी दिसतं. सर्दी-ताप असताना फेरिटिन करू नका. अंगात दाह असला की ते खोटं वाढतं आणि लोह संपलेलं असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो.

आता रिपोर्ट हातात आल्यावर. बहुतेक लोक हिमोग्लोबिनचा आकडा बघून कागद घडी करून ठेवतात. बाईला १२च्या खाली, पुरुषाला १३च्या खाली असेल तर रक्तक्षय, इतकंच त्यातून कळतं. कारण कळतं खालच्या ओळींत. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. ८०च्या खाली असेल तर पेशी लहान, लोहाकडे बोट. १००च्या वर असेल तर पेशी मोठ्या, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडकडे बोट. आणि दोन्ही कमी असतील तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी येते ८८, अगदी देखणी. तिथं आरडीडब्ल्यू नावाची ओळ बघा. पेशींच्या आकारात किती असमानता आहे ते ती सांगते, १४.५च्या वर असेल तर नॉर्मल एमसीव्हीवर विश्वास ठेवू नका. शाकाहारी आणि पाळीत जास्त जाणाऱ्या बाईच्या रिपोर्टमध्ये हे चित्र वारंवार दिसतं.

आणखी एक हिशेब घरीही करता येतो. एमसीव्हीला आरबीसी काउंटनं, म्हणजे लाल पेशींच्या संख्येनं भागा. समजा एमसीव्ही ६८ आणि आरबीसी ३.९, तर उत्तर १७च्या पुढे: लोहाची कमतरता संभवते. एमसीव्ही तेच ६८, पण आरबीसी ५.६, तर उत्तर १२च्या आसपास. १३च्या खाली उत्तर आलं की थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची शंका घ्यायची आणि त्यासाठी एचबीए२ ही रक्ताची तपासणी करायची. ही निव्वळ चाळणी आहे, निदान नव्हे. पण थॅलेसेमिया मायनर असलेल्या कित्येकींना ‘रक्त वाढत नाही’ म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. रक्त वाढत नाही ते नाहीच, उलट गरज नसलेलं लोह अंगात साठू शकतं.

फेरिटिन म्हणजे लोहाची शिल्लक. १५च्या खाली म्हणजे कोठार रिकामं. ३०च्या खाली असेल आणि थकवा असेल तरी उपचार करावा, हिमोग्लोबिन १२ असलं तरीही. इथं बऱ्याच जणींची गफलत होते. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून परत पाठवतात, पण कोठार रिकामं झाल्यावरच हिमोग्लोबिन उतरायला लागतं; थकवा त्याआधीच येऊ शकतो. कच्चे तांदूळ, खडू, माती, भाजलेल्या मातीची ढेकळं किंवा बर्फ खायची ओढ लागत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. लोह कमी असल्याची ती जुनी, ओळखीची खूण आहे.

लोह कमी निघालं तर गोळी घ्यायची पद्धत गोळीइतकीच महत्त्वाची. स्ट्रिपवर ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे प्रत्यक्ष लोह किती ते बघा. गोळीतल्या लोहाच्या क्षाराचं वजन आणि त्यातल्या लोहाचं वजन वेगळं असतं. फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅमच्या गोळीत लोह साठ-पासष्ट मिलिग्रॅमच असतं. फेरस ॲस्कॉर्बेटच्या गोळीवर बहुतेक थेट १०० मिलिग्रॅम एलिमेंटल लिहिलेलं असतं. साठ ते शंभर मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच. आणि पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड. एक दिवसाआड म्हणजे निम्मा उपचार असं समजू नका. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते साधारण चोवीस तास आतड्याचं दार अर्धं लावून ठेवतं. सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या घेतल्या तर दुसरी बरीचशी वाया जाते आणि मळमळ-बद्धकोष्ठ मात्र पदरात पडतो.

वेळ: सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. नंतर तासभर चहा नाही, दूध नाही. आपल्याकडे दिवस चहानंच उजाडतो, त्यामुळे उठल्या उठल्या गोळी, मग आंघोळ-पूजा, डबे, आणि मग चहा, असा क्रम लावला तर जमतं. उपाशीपोटी सोसत नसेल तर रात्री जेवणानंतर दोन तासांनी. पित्ताची गोळी (पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल) रोज चालू असेल तर लोह कमी शोषलं जातं. ती खरंच लागते का ते डॉक्टरांना विचारा. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे, घाबरू नका. मात्र डांबरासारखं चिकट, दुर्गंधीचं काळं झालं तर ते लोहामुळे नाही. आतून रक्तस्राव होतोय, लगेच दाखवा.

महिन्यानं पुन्हा फक्त सीबीसी. हिमोग्लोबिन निदान एकानं चढायला हवं. दोननं चढलं तर उत्तम. चढलं नाही तर गोळीचा ब्रँड बदलत बसू नका, कारण शोधा: गोळ्या चुकतात का, चहाबरोबर जातात का, पित्ताची गोळी आड येते का, रक्तस्राव तसाच चालू आहे का, की निदानच वेगळं आहे. आणि हिमोग्लोबिन १२ झालं की गोळी बंद, ही सगळ्यांत सर्रास चूक. त्यानंतर तीन महिने चालू ठेवल्याशिवाय कोठार भरत नाही. मध्येच सोडलेल्या बायका सहा महिन्यांत पुन्हा त्याच जागी येतात. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गोळी चांगली आहे, पण ‘आठवड्याला एक’ हा कमतरता होऊ नये म्हणूनचा डोस आहे, झालेली कमतरता त्यानं भरत नाही.

पण भोक बुजवल्याशिवाय घागर भरणार नाही. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रक्ताच्या गाठी पडतात, यातलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशयातल्या गाठी या वयात नेहमी सापडतात. हे वाचणाऱ्यांत कुणी पन्नाशीचे पुरुष असतील आणि त्यांचं लोह कमी आलं असेल तर गोळी घेऊन गप्प बसू नये. जठर आणि आतड्यातून रक्त जातंय का हे दुर्बिणीनं पाहिलंच पाहिजे.

आता काकूंचं बी-१२. २००च्या खाली असेल तर कमतरता. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथं लक्षणं आणि आरडीडब्ल्यू बघून ठरवायचं. रोजची गरज जेमतेम दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, पण शाकाहारी जेवणात ती फक्त दूधदुभत्यातून येते. वाटीभर दह्यात अर्धा मायक्रोग्रॅम. चहातल्या दोन-तीन चमचे दुधाची यात गणतीच नको. म्हणजे दोन पेले दूध किंवा तितकं दही-ताक रोज पोटात गेलं तर कसंबसं भागतं. ताक मात्र दाट हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात करतात त्या ताकात दही शोधावं लागतं! मधुमेहाची मेटफॉर्मिन काही वर्षं चालू असेल किंवा पित्ताची गोळी रोजची झाली असेल तर बी-१२ आणखी उतरतं.

कमी निघालं तर इंजेक्शनच लागतं असं नाही. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं साधारण एक टक्का आतड्यातून आपोआप झिरपतं, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, गरजेच्या चौपट. रोज एक, तीन महिने, मग पुन्हा तपासणी. शाकाहार कायम राहणार असेल तर पुढेही कमी प्रमाणात चालू ठेवावं लागतं. पाच इंजेक्शनांनी जन्माचा प्रश्न सुटत नाही. इंजेक्शन लागतं ते हातापायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा, जीभ गुळगुळीत होऊन झोंबणं अशी लक्षणं असतील तेव्हा, किंवा पातळी फारच खाली असेल तेव्हा. नसांच्या बाबतीत उशीर केला तर काही नुकसान कायमचं राहतं.

इथं एक सापळा आहे. बी-१२ कमी असताना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या मोठ्या गोळ्या घेतल्या तर हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट चांगला दिसतो, आणि नसा आतून खराब होत राहतात. म्हणून बी-१२ बघितल्याशिवाय ५ मिलिग्रॅमचं फॉलिक ॲसिड महिनोन्महिने नको. दुसरा सापळा नसांच्या गोळ्यांतला बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन. दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा जास्त, दीर्घकाळ घेतलं तर त्यानंच पायाला मुंग्या येतात. मुंग्यांसाठी गोळी, गोळीनं मुंग्या, म्हणून आणखी गोळी. दोन डॉक्टरांच्या दोन स्ट्रिपमध्ये मिळून किती होतंय, ते जोडून बघा.

व्हिटॅमिन डी बद्दल थोडक्यात. सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात डी कसं कमी होईल, असं वाटतं. पण शेडमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, येता-जाता स्कार्फ आणि हातमोजे, मग ऊन लागणार कुठं? खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही. डी तयार करणारे किरण काच अडवते. पाठ-कंबर दुखते, हाडं ठणकतात, अशी तक्रार असेल तर तपासा. २०च्या खाली असेल तर ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दुधाबरोबर किंवा जेवणानंतर. ‘आठवड्यातून’ हा शब्द अधोरेखित करा. तीच पुडी रोज घेतल्यानं रक्तातलं कॅल्शियम चढून तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला इजा असे प्रकार होतात. आणि अपेक्षा माफक ठेवा: डी भरून काढल्यानं दुखणं कमी होतं, थकवा मात्र त्यानं फारसा हलत नाही.

नणंदेची सलाईन. ५०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, बाकी काही नाही. ‘ग्लुकोजची’ म्हणतात त्या पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, सुमारे ८५ कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याच्या दुप्पट असतात, आणि तिच्याबरोबर शेंगाचटणी येते. बाटलीत पिवळं इंजेक्शन सोडतात ते बी-कॉम्प्लेक्स. तासाभरानं लघवी पिवळीजर्द होऊन त्यातलं बरंचसं निघून जातं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर सलाईन जीव वाचवते. सहा महिन्यांच्या थकव्यावर ती लावून तासभर पडून राहिल्यानं बरं वाटतं, ते बहुधा पडून राहिल्यामुळेच.

खाण्यात काय बदलावं? भाकरी सोडू नका. तीन भाकऱ्यांच्या पिठात सातेक मिलिग्रॅम लोह आहे. पण बाईची शिफारस केलेली रोजची गरज २९ मिलिग्रॅम, आणि धान्यातलं लोह थोडंच लागू पडतं. म्हणून भाकरीबरोबर कायम काहीतरी आंबट-ताजं घ्या: लिंबाची फोड, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो. डब्यानंतरचा दोनचा चहा तीनला ढकला. शेंगाचटणी दोन चमचे नव्हे, चांगली मूठभर. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिनं आहेत. मटकी, हुलगा, चवळी भिजवून मोड आणून. आणि रागावू नका, पण आपल्या जिल्ह्याचं डाळिंब रक्त वाढवत नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमही नसतं. रंगावर जाऊ नका. बिटाचीही तीच गत. लोखंडी तव्याचा उपयोग कोरड्या भाकरीत फार होत नाही; लोखंडी कढईत आंबट आमटी किंवा टोमॅटोची भाजी शिजवली तर लोह उतरतं.

पाण्याबद्दल एक गोष्ट बायका सहसा सांगत नाहीत: कारखान्यात स्वच्छतागृहाची सोय धड नसते म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे असताना पत्र्याखाली बसून हे केलं तर दुपारी गळून जायला रक्तक्षयाचीही गरज नाही. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी हवंच. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर रक्तातलं सोडियमही तपासून घ्या. ते उतरलं की माणूस असाच मलूल होतो.

सगळे रिपोर्ट चांगले आले तर? मग जीवनसत्त्वांचा नाद सोडा आणि इतरत्र पाहा. झोपेत जोरात घोरता, सकाळी डोकं जड असतं, बसल्या बसल्या डुलकी लागते? झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं असेल तर थुंकी तपासा आणि छातीचा फोटो काढा. सर्दीची किंवा खाजेची गोळी रोज घेता का? तिनंही सुस्ती येते. चिकुनगुन्या-डेंगीनंतर दोन-तीन महिने गळल्यासारखं राहू शकतं. आणि गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, मन खिन्न राहतं, असं बहुतेक दिवस होत असेल तर तेही डॉक्टरांना तितक्याच सरळ सांगा. त्यालाही उपचार आहेत आणि ते बी-कॉम्प्लेक्स नव्हे. थायरॉइडची गोळी सुरू झालीच तर ती आणि लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी लागू पडत नाही.

हिमोग्लोबिन ७-८ असेल, बसल्या जागी दम लागत असेल, छातीत दुखत असेल, पायांवर सूज असेल, भोवळ येऊन पडला असाल, तर यातलं काहीही घरी करू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि १०च्या खाली असेल तोवर कोजागरीला तुळजापूरला पायी जायचा बेत ठेवू नका. ४५ किलोमीटर कमी नाहीत. यंदा एसटीनं जा, देवी रागावणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, पुड्या, बाटल्या एका पिशवीत घालून न्या: केसांची गोळी, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, आयुर्वेदिक काढा, नणंदेनं दिलेल्या ताकदीच्या कॅप्सूल, सगळं. रिकाम्या झालेल्या स्ट्रिप्ससुद्धा. आणि शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, किती दिवस चालली आणि एकूण किती पॅड लागले, ते एका चिठ्ठीवर लिहून न्या. तपासताना पहिला प्रश्न तोच येईल.